काजळ्या माफी मागतो

अकरा वर्षांत काजळ्याने सतरा वेळा बाजू बदलली होती. आधी तो धुक्याच्या राणीचा सेनापती, मग उजेडगडाचा पाहुणा, मग गडाचं मागचं दार शत्रूला उघडून देणारा फितूर, मग राणीचाही फितूर. मध्ये तेरा भाग तर तो नेमका कुणाचा आहे हे लिहिणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. तेरड्याचा रंग निदान तीन दिवस तरी टिकतो. काजळ्याची निष्ठा जाहिरात संपेपर्यंत टिकली तरी पुष्कळ म्हणायची. मुलं मात्र या कार्टूनमधल्या दुष्टावर जीव टाकायची, कारण मालिकेत चांगली वाक्यं त्याच्याच वाट्याला यायची.

अशा या दिवट्याला आवाज द्यायचा तो भाऊ. स्टुडिओत लहानमोठे सगळे त्याला भाऊच म्हणत. चष्मा, बारीक मान, स्वभावाने इतका भिडस्त की बँकेच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं तर त्यालाच "तुम्ही व्हा पुढे" म्हणणारा. पण मायक्रोफोनसमोर उभा राहिला की त्याच गळ्यातून दगड गडगडत खाली यावेत तसा आवाज निघायचा. देवाने गळा एकाला द्यायचा तो दुसऱ्याला दिला, असं त्याची बायको म्हणायची.

काजळ्याचा वैरी म्हणजे ठिपक्या, उजेडगडाचा चिमुकला कोल्हा. त्याचा आवाज भाऊची धाकटी बहीण द्यायची. मुलग्यांचे आवाज बायकांनीच द्यायचे ही या धंद्यातली जुनी रीत, कारण बाईचा आवाज काही चौदाव्या वर्षी फुटत नाही. धाकटी आता चाळिशी ओलांडून गेली होती आणि ठिपक्या अजून नऊ वर्षांचाच होता.

सहा वर्षं भाऊ आणि धाकटी एकमेकांशी बोलत नव्हती. म्हणजे बोलत होती, दर आठवड्याला वीस मिनिटं, पण काजळ्या आणि ठिपक्या म्हणून. एका खोलीत उभी राहायची नाहीत म्हणून स्टुडिओनेच सोय लावून दिली होती. मंगळवारी भाऊ येऊन काजळ्या बोलून जायचा. त्या टेपवरून वरच्या मजल्यावर महिनाभर चित्रं काढली जायची. मग एका गुरुवारी धाकटी यायची, हेडफोन लावून, चित्र बघत ठिपक्याची उत्तरं द्यायची, आणि ठिपक्याचं तोंड त्यानंतर काढलं जायचं. काजळ्याच्या शिवीला ठिपक्याचं उत्तर मिळायला असा एक महिना लागायचा. भाऊचा आवाज बसलेला असला की धाकटीला तो हेडफोनमध्ये बरोबर कळायचा. मग ती वहिनीला फोन करायची, "गरम पाणी प्यायला सांग त्याला. मी सांगितलं म्हणू नकोस." तोवर सर्दी जाऊन तीन आठवडे झालेले असायचे. बायको तरीही त्याच्यापुढे गरम पाणी ठेवायची आणि तोही मुकाट्याने प्यायचा. कुणी पाठवलंय हे त्याला ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. आवाज देणाऱ्या चौदाजणांनी एकदा ठरवलं, की भाग संपल्यावर पडद्यावर आपली नावं दिसली पाहिजेत. तोवर कुणी आत पाऊल टाकायचं नाही. पुढाकार धाकटीचा. कागदावर पहिली सही भाऊची. तीन दिवस सगळे स्टुडिओच्या दारात उभे राहिले. चौथ्या दिवशी भाऊच्या कानावर आलं की काजळ्यासाठी दुसऱ्या कुणाचा तरी आवाज तपासताहेत. त्याच्या पायाखालची वाळू सरकली. तो मागच्या दाराने आत गेला आणि काजळ्या बोलून आला. जाताना धाकटीने त्याला पाहिलं. ती कुणाला एक शब्द बोलली नाही, पण अशा गोष्टी लपतात थोड्याच? दोन दिवसांत एकेक करून सगळे आत गेले, मागणी हवेत विरली, आणि घरचं माणूस फुटलं म्हणून बोल मात्र धाकटीने ऐकले. अकरा महिने तिला कुणी काम दिलं नाही. ठिपक्या दुसऱ्याच मुलीच्या आवाजात बोलायला लागल्यावर मुलांनी पत्रांचा ढीग लावला, तेव्हा कुठे तिला परत बोलावलं.

त्या एका सकाळबद्दल भाऊने तिला कधीच काही सांगितलं नाही. पहिल्या महिन्यात लाज वाटली, दुसऱ्या वर्षी उशीर झाला असं वाटलं, आणि पुढे तर विषय काढायचा कसा हेच कळेना. भित्र्या माणसाला उशीर हे फार सोयीचं निमित्त असतं.

आता लिहिणाऱ्यांनी अठराव्यांदा आणि कायमची बाजू बदलायचं ठरवलं होतं. काजळ्या ठिपक्यापुढे गुडघे टेकून माफी मागणार. वाक्य साधं: "मी चुकलो. मला माफ कर."

मंगळवारी भाऊने ते तेरा वेळा म्हटलं. या स्टुडिओची एक उलटी रीत होती. टेक फसला की बोलणाऱ्यानेच शेवटी एक टाळी वाजवायची; टाळी ऐकू आली म्हणजे तो तुकडा बाद. टाळी पडली नाही तो खरा, तोच वर चित्रकारांकडे जायचा. जगात माणसं टाळीसाठी जीव टाकतात, इथे टाळी म्हणजे नाक कापणं. त्या दिवशी भाऊला तेरा टाळ्या वाजवाव्या लागल्या.

"भाऊ, फार गुळगुळीत होतंय," दिग्दर्शिका म्हणाली. तिला सगळे बाई म्हणत. ती येऊन तीनच वर्षं झाली होती आणि जुनं भांडण तिला माहीत नव्हतं. "हा माणूस माफी मागतोय की पत्ता विचारतोय? पाच मिनिटं थांबा."

बाई फोन घ्यायला बाहेर गेली. टेप चालवणारा कानसेन चहा आणायला गेला. तानसेन व्हायचं राहिलं म्हणून कानसेन झालो, असं तो स्वतःच सांगायचा. काचेपलीकडे कुणी उरलं नाही. भाऊ खाली मान घालून उभा राहिला आणि कुणाला ऐकू जात नाही अशा समजुतीने पुटपुटला. सवयीने काजळ्याच्याच आवाजात, पण हळू.

"चुकलो मी. तुम्ही सगळे पुढच्या दारात उभे होतात आणि मी मागच्या दाराने आत गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. माझी जागा दुसरा घेईल, एवढीच भीती वाटली. तू मला पाहिलंस आणि कुणाला सांगितलं नाहीस. बोल मात्र तुलाच ऐकावे लागले."

मग बाई परत आली, चहा आला, चौदाव्या टेकलाही टाळी पडली आणि बाई म्हणाली, "आज राहू दे, पुढच्या मंगळवारी बघू." त्या गडबडीत टेप सगळा वेळ फिरत होता हे कानसेनच्याही लक्षात आलं नाही. पुढच्या मंगळवारी बाईला ताप आला, आणि माफी घ्यायची राहिली आहे हे सगळेच विसरले.

वर चित्रकारांचा मुख्य होता खोडरबर. काढलेली रेघ पुसायची म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं, म्हणून हे नाव. लिहिणारे रोज वाक्यं बदलतात हे पाहून त्याने कागद वाचणं कधीच सोडून दिलं होतं. टेप सांगेल ते काढायचं. टेपवर एकच तुकडा बिनटाळीचा होता. तोच त्याने काढला.

महिन्याने छोट्या खोलीत चित्र लावलं, तेव्हा भाऊ शेवटच्या खुर्चीवर बसला होता. काजळ्याने गुडघे टेकले, मान वर केली आणि म्हणाला, "तुम्ही सगळे पुढच्या दारात उभे होतात..."

भाऊ खुर्चीतून अर्धवट उठला. चित्र संपल्यावर बाईने डोळे पुसले. "हे कधी बोललात तुम्ही? कागदावर तर नाहीये. गडाचं मागचं दार याला कसं छान जोडून घेतलंत हो."

"बाई, हे काढून टाका," भाऊ म्हणाला.

"का?"

"मी ते... असंच बोललो होतो. मालिकेसाठी नव्हतं."

"तोंडं पुन्हा काढायची?" खोडरबर उभाच राहिला. "चार आठवड्यांचं काम आहे, भाऊ. माणसं आहोत आम्ही."

बाईने मधला मार्ग काढला. चित्र तेच ठेवायचं, वाक्य दुसरं शोधायचं, फक्त ओठांच्या हालचाली जुळल्या पाहिजेत. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, तिथे मिटणारंच अक्षर हवं. धाकटी यायला दोन दिवस होते. ते दोन दिवस भाऊ, बाई आणि कानसेन शब्दांची लांबीरुंदी मोजत बसले. "मागच्या दाराने आत गेलो" याच्या जागी बाईने "मावळत्या ताऱ्याने वाट दिली" बसवलं. ओठ चपखल जुळले. फक्त काजळ्या एकाएकी कवी झाल्यासारखा वाटत होता.

"काही बिघडत नाही," बाई म्हणाली. "पश्चात्तापात माणसं बोलतात असं काहीबाही."

बुधवारी दुपारी नवं वाक्य रेकॉर्ड झालं. कानसेनने जुना तुकडा लावला. "याच्या शेवटी एक टाळी मारा भाऊ, म्हणजे हा बाद. मग मी नवा जोडतो."

कानसेन जुना माणूस. त्या चौथ्या दिवशी तोही आतच होता, टेप चालवत. तो काचेकडे न बघता चहा ढवळत राहिला.

जुना तुकडा वाजला. "बोल मात्र तुलाच ऐकावे लागले." भाऊने हात वर केले. सहा वर्षं जे जिभेवर आलं नाही ते एकदा आलं होतं, आणि तेही आपल्याच हाताने पुसायचं? कोणत्या तोंडाने? समोर पडद्यावर काजळ्या गुडघ्यांवर तसाच थांबला होता. सतरा वेळा पळून गेलेला तो लबाडसुद्धा आज जागचा हलला नव्हता. भाऊला स्वतःची विलक्षण लाज वाटली. त्याने हात खाली घेतले.

"राहू दे," तो म्हणाला. "हाच राहू दे."

कानसेनने चमचा बशीत ठेवला. "उद्या गुरुवार आहे."

"माहीत आहे."

गुरुवारी भाऊ सकाळीच येऊन काचेअलीकडे बसला. बायकोने निघताना नवा शर्ट काढून दिला होता, जणू नोकरीची मुलाखतच. धाकटी आली, त्याला पाहून दारात क्षणभर थबकली आणि आतल्या खोलीत जाऊन हेडफोन लावून उभी राहिली. कानसेनने चित्र सुरू केलं.

भाऊला तिची फक्त पाठ दिसत होती. पहिल्या वाक्याला तिने मान सावरली. दुसऱ्या वाक्याला पाठ ताठ झाली. चित्र संपलं तरी ती हलली नाही. आता ही हेडफोन फेकणार, निघून जाणार, आणि पुन्हा गुरुवारीही येणार नाही, असं त्याला वाटलं.

तिने हेडफोन काढून शांतपणे खुंटीला अडकवला. मग मायक्रोफोनमधून तिचा स्वतःचा आवाज आला. "बाई, माझ्या कागदावर काय आहे, बघितलंत? 'जा, केलं माफ.' बस. ठिपक्या एवढ्यात माफ करणार नाही. तो आधी भांडेल."

"कितीही भांडा ताई," बाई म्हणाली. "ठिपक्याचं तोंड अजून काढलेलं नाही. हवं तेवढं बोला, आम्ही मागून काढू."

"आणि काजळ्याचं?"

"तो ऐकतोय. माफी मागून झाल्यावर त्याचं तोंड शेवटपर्यंत बंदच आहे."

"बंद आहे ना? छान. पण ऐकतानाचे श्वास लागतील त्याचे." धाकटीने पहिल्यांदा काचेतून वळून भावाकडे पाहिलं. "श्वास द्यायला याला आत पाठवा. आणि दादा, तोंड बंद आहे हे ध्यानात ठेव."

कानसेनने दुसरा मायक्रोफोन लावला. सहा वर्षांनी भाऊ त्या खोलीत तिच्यासमोर उभा राहिला. चित्रातला काजळ्या गुडघ्यांवर होता, म्हणून तोही खाली बसला. खाली बसल्याशिवाय श्वास खरा येत नाही.

धाकटीने ठिपक्याच्या आवाजात सुरुवात केली. गडाचं दार, पहारा, फितुरी, सगळं. चौथ्या-पाचव्या वाक्याला ठिपक्या कुठे संपला आणि ती कुठे सुरू झाली ते कुणालाच कळलं नाही. अकरा महिने घरात बसून काढलेल्या दुपारी निघाल्या. लोकांचे टोमणे निघाले. आईच्या आजारपणात दवाखान्याच्या एकाच बाकावर दोघं दोन टोकांना बसली होती, तेही निघालं. दोनदा भाऊचं तोंड उघडलं आणि दोनदा तिने बोटाने ते मिटायची खूण केली. सगळं खरं होतं आणि सगळं त्याच्याच पदरचं होतं. तरी प्रत्येक वाक्याबरोबर त्याला हलकं वाटत होतं. ती रागावत होती म्हणजे अजून त्याची होती.

शेवटी तिचा आवाज खाली आला. "तू गेलास याचा राग नव्हता रे. भित्रा तू लहानपणापासूनच आहेस, मला काय नवं होतं? आदल्या रात्री येऊन एवढंच सांगायचंस, 'मला भीती वाटते.' मी भांडले असते. खूप भांडले असते. आणि सकाळी स्वतः तुला मागच्या दारापर्यंत सोडायला आले असते."

भाऊचा श्वास तेवढा दुसऱ्या मायक्रोफोनमध्ये येत राहिला. आधी तुटक, मग हुंदक्यांत अडकलेला, आणि बऱ्याच वेळाने लांब, मोकळा. धाकटी त्याच्यासमोर फरशीवर बसली आणि तो नीट होईपर्यंत थांबली.