सातवं रीळ

माझे वडील आप्पाजी यांना गप्प बसणं आयुष्यात कधी जमलं नाही, आणि त्याचा भुर्दंड दर वेळी दुसऱ्याच कोणाला तरी पडला. हे मी रागात सांगते आहे. राग जायची वाट बघितली असती, तर सांगायचं राहूनच गेलं असतं.

अठ्ठावन्न साल होतं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. मी आणि माझी मुलगी प्रेमा बंगळुरात काटनपेटमध्ये माझ्या दिराच्या, फत्तेसिंगच्या घरी राहत होतो. फत्तेसिंग भला माणूस, असं सगळी पेठ म्हणायची. मीही म्हणायचे, त्याच्या घरात दोन वेळा जेवत होते ना! या भल्या माणसाने प्रेमाला पंधरावं सरताच होसूरचं स्थळ आणलं. तांदळाच्या गिरणीचा मालक, वय चाळीस, पहिली बायको गेलेली, पदरात तीन मुलं. त्यातला थोरला प्रेमाच्याच वयाचा.

"पंधरा पुरी झाली, वहिनी. कायद्यालाही मुलीची पंधराच लागतात की," फत्तेसिंग म्हणाला. "पुढच्या गुरुवारी लोक येतात. सुपारी फोडून टाकू."

"ती शिकतेय, भावजी. अजून दोन वर्षं तरी."

"मग तुम्हीच सांगा. दोन वर्षं कुठं ठेवणार तिला? काय खायला घालणार?"

माझ्याकडे ना घर होतं ना पैसा, आणि ते त्याला ठाऊक होतं. आप्पांकडे जावं म्हटलं तर ते स्वतःच माझ्या चुलतभावाच्या पडवीत झोपत होते.

एक वाट होती. मल्लेश्वरममध्ये हेमलताबाई नावाच्या पुण्याकडच्या एक बाई शाळेच्या मुलींचे गणवेश शिवून घ्यायच्या. मी त्यांच्याकडे जाऊन हातापाया पडले होते. माझी शिलाई उलटसुलट करून बघत त्या म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा. मागची खोली रिकामीच आहे, मुलीला घेऊन या. पण मशीन तुमचं हवं. माझ्याकडच्या तिन्ही मशीनवर बायका बसलेल्या आहेत." त्या दिवशी मी परत चालत आले ती काटनपेट येईपर्यंत मशीन, मशीन एवढंच मनात म्हणत. अंगावरचा सोन्याचा शेवटचा मणी नवऱ्याच्या आजारपणात गेला होता. मशीन कुठून आणणार?

आणि त्याच आठवड्यात विलास टॉकीजने स्पर्धा लावली. टॉकीजला पंचवीस वर्षं पुरी झाली म्हणून जुन्या चित्रपटांवरचे प्रश्न, अगदी मूकपटांपासूनचे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता. पहिलं बक्षीस, शिलाई मशीन. दारातच काचेमागे मांडून ठेवलं होतं. काळंभोर, पायाने चालवायचं, अंगावर सोनेरी वेल. मी भाजी आणायला म्हणून निघायचे आणि ते बघून यायचे. ते माझंच आहे, फक्त अजून घरी आलेलं नाही, असं वाटायचं मला.

ही नुसती आशा नव्हती. या गावात जुने मूकपट माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? चित्रपट बोलत नव्हते तेव्हा आप्पा त्यांच्या वतीने बोलायचे. कंटोन्मेंटच्या मैदानावर तंबू लागायचा, आणि पडद्याशेजारी खुर्चीवर उभे राहून आप्पा गोष्ट सांगायचे, मराठी, कन्नड आणि दखनी एकात एक मिसळून. पडद्यावरच्या बाईने नुसते ओठ हलवायचे. रडणं, शाप, लाडीगोडी सगळं आप्पांच्या तोंडून. मी आठ वर्षांची होते. त्यांना मधूनमधून पाणी द्यायला तांब्या घेऊन खुर्चीच्या पायाशी रोज बसायचे. एकेक चित्र चाळीस-चाळीस वेळा पाहिलंय मी.

तरी मी कसर ठेवली नाही. रोज दुपारी पडवीत जाऊन आप्पांकडून उजळणी करून घेतली. कोणत्या चित्रात कोणाचा घोडा बुजला, कोणी राक्षसाची मिशी उलटी लावली, कोणत्या राजाच्या हातावर घड्याळ राहून गेलं. आप्पांचे डोळे नुसते चमकायचे. 'विजयगडची सून' तेवढं राहिलं. ते आमच्या तंबूत दीड महिना चाललं होतं.

"ते राहू दे की," आप्पा म्हणाले. "ते तुला येतंय."

येतच होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

रविवारी जाताना मी त्यांना बजावलं, "आप्पा, तिथं तोंड उघडायचं नाही. मला काही सुचवायचं नाही, कोणाशी वाद घालायचा नाही. प्रेमासाठी."

"सरी, सरी," आप्पा म्हणाले. "जिभेला कुलूप."

टॉकीज तुडुंब भरलं होतं. माझ्या आईच्या वयाच्या कितीतरी बायका आल्या होत्या, तंबूत खाली चटईवर बसणाऱ्या. स्पर्धेला चाळीस जण बसलो होतो, मी सोडून सगळे पुरुष. मॅनेजर त्रिविक्रमराव माध्व ब्राह्मण. कन्नडमध्ये विचारायचे, मग आमच्यासाठी मराठीत. उत्तर पाटीवर लिहून पाटी वर करायची. मला एकही अडलं नाही. अकरा वाजेपर्यंत दोघंच उरलो, मी आणि उमाकांत नावाचा एक मुलगा. सरकारी कारखान्यात इंजिनिअर, पुण्याहून नुकताच आलेला. त्याने मूकपट पाहिलेच नव्हते. त्याच्या वडिलांनी जुन्या चित्रपटांच्या पुस्तिका जमवल्या होत्या, त्यात वाचून तो सगळं सांगत होता. वाचून! मला हसूच आलं.

"शेवटचा प्रश्न," त्रिविक्रमराव म्हणाले. "दोघांचंही बरोबर आलं, तर ज्याची पाटी आधी वर त्याचं बक्षीस. चित्र आहे 'विजयगडची सून'. सासरच्यांनी आळ घेतला म्हणून सून तान्ह्या मुलीला घेऊन विहिरीत उडी टाकते. पुढे काय होतं?"

मी लगेच पाटी ओढली. मी लिहिलं, "मुलीला छातीशी धरून सून पायऱ्या चढून वर येते." आणि उमाकांत लिहीतच होता, तेव्हा माझी पाटी वर होती.

त्याच्या पाटीवर होतं, "दोघी बुडतात. विहिरीतून ज्योत निघते. सासरा पश्चात्तापाने वेडा होतो."

त्रिविक्रमरावांनी जुनी पुस्तिका उघडली, चष्मा वर-खाली केला, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "अक्का, यात दोघी बुडतात असं आहे."

मी काही बोलायच्या आत मागून एक म्हातारी ओरडली, "खोटं लिहिलंय! वर येते ती! मी या डोळ्यांनी बघितलंय!" मग दुसरी उठली, तिसरी उठली. "केस ओले असतात तिचे!" "पदरातून पाणी गळतंय!" "सासरा पाया पडतोय की तिच्या!" कोणी मराठीत, कोणी कन्नडमध्ये, वीस-पंचवीस बायका उभ्या राहून त्रिविक्रमरावांना सांगत होत्या. मलाही ते सगळं दिसत होतं. तिचं पहिलं पाऊल कोणत्या पायरीवर पडतं, ते मी दाखवू शकले असते.

"स्वल्प थांबा, स्वल्प थांबा," त्रिविक्रमराव हात जोडून म्हणाले. ते न्यायाने वागणारे होते, त्यांना मी दोष देणार नाही. "गावोगावी प्रत वेगळी असायची, शेवट बदललेले असायचे. इथं आलेल्या प्रतीत ती वर येत असेल, तर अक्कांचं उत्तर बरोबर आणि मशीन त्यांचं. तेव्हा गोष्ट सांगणारे आप्पाजी इथंच बसलेत. त्यांनाच विचारू. आप्पाजी, आपल्या गावच्या पडद्यावर ती वर येताना दिसत होती ना?"

दिसत होती, एवढंच म्हणायचं होतं. हो म्हणायचं आणि खाली बसायचं.

आप्पा उठले. काठी टेकत पुढे आले. सगळं टॉकीज त्यांच्याकडे बघत होतं. एकोणतीस वर्षांनी त्यांच्याकडे एवढी माणसं बघत होती, आणि त्यांचा चेहरा उजळला होता. मी नको म्हणून मान हलवली. हात जोडले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"मंडळी," आप्पा म्हणाले, आणि आवाज तोच होता, तंबूतला. "सातवं रीळ आलंच नव्हतं!"

त्रिविक्रमरावांनी पुस्तिका मिटली.

"सहा रिळं आली. सातवं वाटेत कुठं हरवलं, देवाला ठाऊक. सून विहिरीत पडली की चित्र खतम. तंबू भरलेला, मालक कापतोय, लोक तंबू फाडतील म्हणून. मी म्हटलं, दिवा चालू ठेव, पडदा पांढराच राहू दे, मी बघतो. आणि पांढऱ्या कापडासमोर उभा राहून मी सांगितलं."

मग आप्पांनी ते पुन्हा सांगितलं. काठी खाली टाकून, दोन्ही हात पसरून, सगळंच्या सगळं. पाणी हललं. एक हात वर आला. पहिली पायरी, दुसरी पायरी. मुलगी खोकली, रडली. पुढच्या रांगेतला माणूस रुमाल शोधायला लागला. त्या म्हाताऱ्या उभ्याच राहून रडत होत्या. आणि मी, मला पुरतं कळलं होतं की माझा गळा कापला जातोय, तरी मला ती विहिरीतून वर येताना दिसली. एवढे चांगले सांगायचे आप्पा. टाळ्या थांबेनात. त्रिविक्रमरावांनी आपल्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला.

टाळ्या संपल्यावर त्रिविक्रमराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे चित्रात ते नव्हतं."

मशीन उमाकांतला मिळालं. तो ते टांग्यात चढवत होता तिथे मी लाज सोडून गेले. आयुष्यात परक्या पुरुषाशी रस्त्यात बोलले नव्हते, त्या दिवशी त्याची बाही धरली. सगळं सांगितलं, गुरुवारचंही. त्याचा चेहरा उतरला. वाईट नव्हता तो मुलगा.

"मी दिलं असतं हो, खरंच," तो म्हणाला. "पण माझ्या बहिणीचं, विद्याचं लग्न ठरलंय. मुलाकडच्यांनी मशीन मागितलंय. माझ्या पगारात ते बसत नव्हतं, म्हणून तर मी इथे आलो."

मी त्याची बाही सोडली.

घरी चालताना आप्पा हार सावरत होते. "टाळ्या ऐकल्यास? तीस वर्षं लोक मला सांगतात, ते चित्र काय भारी होतं म्हणून. चित्र कुठं होतं? मी होतो की!"

"एक हो म्हणायचं होतं तुम्ही, आप्पा! एवढंच!" मी भर रस्त्यात ओरडले. "माझ्या प्रेमाचं काय आता?"

ते थांबले. "प्रेमाचं?" असं म्हणाले, आणि मग त्यांना आठवलं. ते खरंच विसरले होते. मुद्दाम केलं असतं तर मी त्यांना माफ केलं असतं, की केलं नसतं, मला अजून ठरवता येत नाही. ते तिथेच कोणाच्या तरी ओट्यावर बसले. हार काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "मी येतो गुरुवारी. मी बोलतो त्यांच्याशी. पोर लहान आहे, हे त्यांना पटवतो. तू बघ."

गुरुवारी ते खरंच आले, इस्त्रीचा कोट घालून. होसूरची पाच माणसं जमखान्यावर बसली होती. मधोमध तो गिरणीवाला, शेजारी त्याचे चुलते हणमंतराव. फत्तेसिंगने सुपारी आणि अडकित्ता तबकात मांडला होता. मी आणि प्रेमा आतल्या दाराशी.

आप्पांनी सुरुवात केली. प्रेमा अजून सागरगोटे खेळते, ते सांगितलं. वीज चमकली की आईच्या कुशीत शिरते, ते सांगितलं. मांजरीच्या पिलाला परकर शिवून घातला होता, ते तर असं सांगितलं की पिलू अंगणातून पळताना दिसलं. मनापासून बोलत होते, कपाळावर घाम आला होता. आणि पाहुणे खूश! हणमंतराव मांडीवर थाप मारून हसले. तो चाळीस वर्षांचा माणूस कौतुकाने दाराकडे बघत म्हणाला, "असंच पोर पाहिजे घरात." आप्पा गोंधळले, आणि गोंधळले की ते करतात तेच त्यांनी केलं. आणखी बोलले.

मी उंबरा ओलांडून पुढे आले.

"मला हे लग्न मान्य नाही," मी म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले. पण त्याच वेळी आप्पांनी परकरातलं मांजर भिंतीवर चढवलं आणि सगळे खो खो हसले. एकट्या प्रेमाने ते ऐकलं. तिने माझा पदर मागून घट्ट धरला. मी पुन्हा म्हणायला श्वास घेतला, तोवर फत्तेसिंगने हसत हसतच अडकित्ता उचलला आणि सुपारी फोडली.

आप्पा अजून बोलतच होते.