पात्यांवरचा थर

मित्रांनो, पंखा म्हटलं की तुम्ही मान वर करून छताकडे बघता. तिथे मी नाही. टेबलावरही नाही. भिंतीत वरच्या अंगाला एक चौकोनी भोक असतं, त्यावर कळकट जाळी असते आणि त्या जाळीमागे कुणीतरी घरघरत असतं ना, तो मी. जुना एक्झॉस्ट फॅन. छताचा पंखा वारा देतो, म्हणून त्याचं कौतुक होतं. मी आतली घाण हवा ओढून बाहेर टाकतो, आणि त्याचं कौतुक करायची कुठे पद्धत नाही. असो. मी रडगाणं गायला बसलेलो नाही. म्हणजे, थोडंसं गाईन, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापून तीन पाती केली, मोटार बसवली, राखाडी रंग मारला. तपासणाऱ्या माणसाने एकदा गरकन फिरवून बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे, जाऊ दे." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. त्यानंतर खोकं, मग दुकानाची फळी, आणि मग ही भिंत.

भिंत होती एका ब्यूटी पार्लरची. नणंद-भावजयीने मिळून नवीनच काढलं होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, मागच्या बाजूला केस धुवायचं बेसिन. भावजयीला सगळी गिऱ्हाइकं वहिनी म्हणायची. वहिनी आपल्या नणंदेला वन्सं म्हणायची, तेव्हा आपणही वन्संच म्हणू. वन्संचं तोंड चालायचं आणि वहिनीचे हात. गिऱ्हाईक आणणं, माल आणणं, आलेल्या बाईला गप्पांत गुंतवून ठेवणं हे वन्संचं खातं. केस कापणं, धुणं, रंगवणं वहिनीचं. बायका बेसिनवर मान टाकायच्या आणि वहिनीची बोटं डोक्यावरून फिरू लागली की बोलता बोलता गप्प व्हायच्या. एक बाई तर दर वेळी घोरायच्या.

मला बसवलं ते वायरमनकाकांनी. शिडीवरून उतरताना ते म्हणाले, "हा दिवसभर चालू ठेवा बरं का. तुमच्या धंद्यात हजार वास."

"चांगलेच वास असतात हो काका," वन्सं म्हणाल्या. "तुमच्या त्या विडीपेक्षा तरी बरे."

सुरुवातीची वर्षं माझी मजेत गेली. महिन्यातून एकदा वहिनी स्टुलावर चढायची, जाळी काढायची आणि साबणाच्या कोमट पाण्यात फडकं पिळून माझं एकेक पातं पुसायची. "काय रे म्हाताऱ्या, दम लागला का?" असं वर विचारायची. मी तेव्हा चांगला तरणाबांड होतो, पण तिने म्हटलेलं मला आवडायचं.

पुढे पार्लर चालायला लागलं आणि माल वाढला. वन्संची खरेदी नाकाने व्हायची. बाटलीचं झाकण उघडायचं, डोळे मिटायचे, एक लांब श्वास घ्यायचा. "अहाहा!" निघालं की बाटली पार्लरात. गुलाबाचा शाम्पू आला, लिंबाचा हँडवॉश आला, फरशीला कसल्याशा फुलांच्या वासाचं फिनेल आलं. केस सरळ करायचं एक क्रीम आलं. ते लावून केसांवरून गरम मशीन फिरवलं की असा काही धूर निघायचा की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून पाणी यायचं. आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणून भिंतीवर एक फवारायंत्र आलं. दर पंधरा मिनिटांनी ते आपलं आपण फुस्स करायचं. आत येणारी बाई म्हणायची, "किती फ्रेश वाटतं गं इथे!" आणि मी मागे बसून तो सगळा फ्रेशपणा ओढता ओढता मेटाकुटीला यायचो.

कामाच्या रगाड्यात वहिनीचं स्टुलावर चढणं थांबलं. पाती जड झाली, तसा मी खडखडायला लागलो. "ह्या पंख्याने डोकं उठतं," एक बाई म्हणाल्या, दुसऱ्या म्हणाल्या, आणि एके दिवशी वन्संनी खट्कन माझं बटण बंद केलं. महिन्याभरात माझ्या तोंडावर एक मोठं पोस्टर लागलं. लांबसडक केस उडवत हसणारी एक बाई. तिच्या पाठीमागे मी दोन वर्षं काढली.

चालू असताना मला माझ्या घरघरीपुढे बारीक आवाज ऐकू यायचे नाहीत. बंद पडल्यावर सगळं ऐकू यायला लागलं. फवाऱ्याचं फुस्स, आणि पाठोपाठ एक कोरडा खोकला. वहिनीचा.

आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. "पाण्यात फार असतात ना हात," ती म्हणायची. मग कातडी लाल झाली. "हवा कोरडी आहे." मग भेगा पडल्या. "वय झालं आता." दर वेळी कारण निराळं, आणि दर वेळी ती तेच हात त्याच शाम्पूत घालायची.

वन्संचा जीव होता हो तिच्यावर, उगाच गैरसमज नको. त्या हातांची दशा बघून त्या तडक बाजारात गेल्या आणि नवीन बाटल्या घेऊन आल्या. "हे वापर आजपासून. बघ, पान छापलंय! सगळं झाडपाल्याचं. वासही कसा रानातल्यासारखा आहे." बाटलीच्या पुढच्या अंगाला हिरवंगार पान होतं खरं. मागे काय छापलंय ते दोघींनीही बघितलं नाही. पंधरा दिवसांत वहिनीच्या बोटांतून रक्त यायला लागलं.

शेवटी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी वहिनीच्या पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढून तपासल्या, आणखी दोन दिवसांनी पुन्हा तपासल्या आणि एका चिठ्ठीवर दोन नावं लिहून दिली. एक सुगंधासाठी घालतात ते द्रव्य, दुसरं माल टिकावा म्हणून घालतात ते. परत आल्यावर वन्संनी एका गिऱ्हाइकाला सगळं सांगितलं, ते मी पोस्टरमागून ऐकलं. सगळ्यांनाच ह्यांचा त्रास होतो असं नाही, पण वहिनीच्या हातांचं आणि ह्या दोन गोष्टींचं जमत नाही. ह्या दोन्ही तिने कायमच्या टाळायच्या. दोन महिने हात पाण्यात घालायचे नाहीत. खोकल्यासाठी धूर, फवारे बंद, हवा खेळती ठेवायची. एवढं करूनही हात बरे झाले नाहीत तर हा धंदा सोडायचा.

आरशासमोरच्या खुर्चीतून वहिनीचा आवाज आला. "वन्सं, मला दुसरं काय येतं हो?" एवढंच ती म्हणाली.

हवा खेळती ठेवायची म्हणजे कुणाची आठवण होणार? माझी! वायरमनकाकांना निरोप गेला. पोस्टर उतरलं. दोन वर्षांनी माझ्या तोंडावर उजेड पडला. काकांनी मला भिंतीतून काढलं आणि खाली वर्तमानपत्रावर ठेवलं.

"एका पंख्यासाठी केवढा हा खटाटोप!" वन्सं म्हणाल्या. "हवेने कधी खोकला होतो का? डॉक्टरांचं आपलं काहीतरीच."

काकांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक माझ्या पात्यावरून ओढलं. एक काळपट, चिकट, जाड साल निघाली. तिच्यात केस अडकलेले, रंगाची पूड अडकलेली, स्प्रेचा चिकटा. वन्संनी सवयीने ती नाकाशी नेली. गुलाब, लिंबू, फिनेल, क्रीम, सगळं एकदम त्यांच्या नाकात गेलं असणार. त्यांचं "अहाहा" काही निघालं नाही. त्यांनी तोंड फिरवलं आणि हात झटकला.

"हे पंखा चालू होता तोवरचं," काका म्हणाले. "बंद केल्यावर दोन वर्षांचं कुठे गेलं असेल, सांगा बघू?"

बेसिनपाशी वहिनी खोकत होती. वन्संनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्या मटकन खाली वर्तमानपत्रावरच बसल्या. "मीच बंद केला गं ह्याला," त्या म्हणाल्या. "मीच आणलं सगळं. आणि वरून तुलाच म्हणत होते, की तू फार नाजूक."

"मी तरी कधी बाटली उलटी करून वाचली?" वहिनी म्हणाली. "उठा आता. नवी साडी आहे ती."

त्या दिवशी वन्संनी चष्मा लावला, डॉक्टरांची चिठ्ठी मांडीवर ठेवली आणि पार्लरातली एकूण एक बाटली उलटी केली. अक्षरं मुंगीएवढी. एकेक नाव त्या बोट ठेवून, अडखळत वाचत होत्या. ज्यात ती दोन नावं सापडली त्या बाटल्या दाराकडे, नाही सापडली त्या आरशाकडे. दारापाशी ढीग झाला. नुसतं 'सुगंध' एवढंच लिहिलेल्याही दारात गेल्या, कारण त्या सुगंधात काय दडलंय ते कुणी सांगावं? हिरव्या पानाची बाटली वाचली तर तिच्यात दोन्ही! "अगं बाई, पान पुढे आणि भानगड मागे!" वन्सं ओरडल्या. ते क्रीम त्यांनी कुणालाही न विचारता बंद केलं. फवारायंत्राचा खिळासुद्धा उपटला. काकांनी मला घासूनपुसून पुन्हा भिंतीत बसवलं आणि चालू केलं.

दुसऱ्या दिवशी त्या चिठ्ठी घेऊन बाजारात गेल्या आणि ज्याला वास नाही असा शाम्पू मागितला. दुकानदाराने काळजीने विचारलं, "सर्दी झालीये का ताई?"

आता तुम्हाला वाटेल, झालं, सगळं सुरळीत झालं. कसलं काय! गिऱ्हाइकं आत येऊन नाक वर करायची. "आज पार्लरला पार्लरचा वासच नाही." काही बायका त्या क्रीमसाठी दुसरीकडे गेल्या. शिवाय वहिनीला पाण्यात हात घालायची बंदी, म्हणून बेसिनवर वन्सं उभ्या राहिल्या. त्यांनी पहिल्याच बाईच्या कानात तांब्याभर पाणी ओतलं. वहिनी हाताला मलम लावून खुर्चीत बसल्या बसल्या सांगायची, "वन्सं, मानेखाली हात द्या. अहो, नखं नका लावू, त्यांचं डोकं आहे ते, कढई नाही!" फक्त एक निवृत्त मास्तरीणबाई खूश होत्या. याआधी पार्लरात असेपर्यंत त्या नाकाला रुमाल लावून बसायच्या. "आज पहिल्यांदा रुमाल पर्समधून काढावा लागला नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी दोन मैत्रिणी घेऊन आल्या.

तिसऱ्या आठवड्यात भेगा मिटत आल्या होत्या, आणि चौथ्यात पुन्हा उलल्या. वहिनी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. वन्सं तिच्याशेजारी येऊन बसल्या. मी आपला फिरत होतो. ह्या बाईने मला पुसलं होतं, आणि मला तिच्यासाठी हवा फिरवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

मग वन्सं एकदम उठल्या. "तू घरी काही धुतेस का गं?"

"थोडीफार भांडी. तेवढ्याने काय होतंय?"

वन्सं चप्पल घालून तशाच घरी गेल्या आणि भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, फरशीचं पाणी, सगळं पिशवीत भरून घेऊन आल्या. चष्मा, चिठ्ठी, मुंगीएवढी अक्षरं. भांड्यांच्या साबणात चिठ्ठीतलं पहिलंच नाव सापडलं! पार्लरातला चोर हाकलला होता, त्याचा भाऊ घरात सुखाने राहत होता. त्या दिवसापासून घरातल्याही बाटल्या बदलल्या, आणि भांडी वन्संचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा घासायला लागला. तो छान घासतो म्हणे.

महिना गेला, दुसरा गेला. खोकला कधी थांबला ते माझ्या लक्षातही आलं नाही. हात मात्र सावकाश, अगदी सावकाश भरत आले. डॉक्टर म्हणाले, आता केस धुऊन बघा. रंगाच्या वेळी ग्लोव्ह घालायचेच, बाकी करून बघा.

त्या संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर वहिनीने बेसिनपाशी खुर्ची ओढली. "वन्सं, बसा."

"माझ्या केसांना काय झालंय? मुळीच नको. ग्लोव्ह घाल आधी."

"बसा म्हणते ना!"

वन्सं बसल्या. वहिनीने बाह्या वर केल्या, तो बिनवासाचा शाम्पू तळहातावर घेतला आणि दोन्ही हात केसांत घातले. फेस झाला. वन्सं डोळे मिटून दर दोन मिनिटांनी विचारत होत्या, "झोंबतंय का गं? खरं सांग." वहिनी म्हणत होती, "नाही हो. मान हलवू नका." केस धुऊन झाले. वहिनीने हात पुसले आणि दिव्याखाली धरले. दोघी कितीतरी वेळ ते हात बघत उभ्या होत्या. वन्संच्या केसांतून पाणी निथळून पाठ भिजली, तरी त्या हलल्या नाहीत.

मग त्यांनी उद्याची वही पुढे ओढली. केस धुवायच्या सगळ्या वेळांपुढे त्यांचं स्वतःचं नाव होतं. ते त्यांनी एकेक करून खोडलं आणि प्रत्येक ओळीवर लिहिलं, 'वहिनी'.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्या घरातही माझा कुणी भाऊबंद स्वयंपाकघराच्या नाहीतर न्हाणीघराच्या भिंतीत बसलेला असेल. त्याला अधूनमधून पुसा, चालू ठेवा. पण सगळा भार त्या बिचाऱ्यावर टाकू नका. आज घरी गेल्यावर एकच बाटली उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचा. अडखळलात तर मोठ्यांना विचारा. त्यांनाही येणार नाही, मग दोघं मिळून शोधा. आत साठलेली हवा बाहेर टाकायला मी आहे. दारातून आत काय येतंय, तेवढं तुम्ही बघा.