कोण कुणाला सांभाळतंय

हेटी स्वार्बरिकबाईंनी आतापर्यंत तीन माणसं पळवून लावली होती, आणि चौथं कुणी येईल असं त्यांना वाटत नव्हतं.

पहिली आली ती गोड आवाजाची एक बाई. दारातच ती 'डार्लिंग' म्हणाली आणि तिथंच सगळं बिनसलं. हेटीबाईंनी बहिरेपणाचं असं काही सोंग घेतलं, की त्या बाईला स्वतःच्या घटस्फोटाची हकिकत ओरडून सांगावी लागली, आणि समोरच्या फुटपाथवरची माणसं पिशव्या खाली ठेवून ऐकत उभी राहिली. दुसरा बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ. तो पेपर वाचून दाखवायला यायचा. हेटीबाईंनी त्याच्याकडून फक्त निधनवार्ता वाचून घेतल्या आणि प्रत्येक नावावर सुस्कारा सोडला, "तुमच्यापेक्षा लहानच होता म्हणायचा." तो परत आला नाही. तिसरा न्हाणीघरात धरायला दांडी बसवायला आला होता. त्याला त्यांनी सांगितलं, की आमच्या यजमानांना, आल्फला, परकी माणसं न्हाणीघरात चालत नाहीत. "ते कुठं असतात?" त्यानं विचारलं. "वारले," हेटीबाई म्हणाल्या, खाली स्वयंपाकघरात गेल्या आणि पळीनं नळाच्या पाइपवर ठण् ठण् वाजवायला लागल्या. त्या माणसाचा स्क्रूड्रायव्हर अजून वरच पडलेला होता.

ही सगळी माणसं 'हॉलवाल्यांची'. फ्लीटवूड या इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बंदरगावात चर्चच्या जुन्या हॉलमधून एक संस्था चालायची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्याच घरात राहता यावं म्हणून कुणाला सोबत पाठवायची, कुणाचं सामान आणून द्यायचं, कुणाचा जिना दुरुस्त करायचा, असली कामं ती करायची. हेटीबाईंनी त्यांना बोलावलं नव्हतं. हिवाळ्यात मागच्या पायरीवर बर्फावरून त्यांचा पाय घसरला आणि बराच वेळ त्या तिथंच पडून होत्या. ही गोष्ट शेजारणीनं त्यांच्या लेकीला कळवली. लेक जिलियन दूर दक्षिणेला रेडिंगला.

"आई, आमच्या इथं म्हाताऱ्यांसाठी इतकं छान घर आहे. बागसुद्धा आहे."

"बागेत मी काय करू? गोगलगायी मोजू?"

"मग एकटी पडलीस तर?"

"पडले तर उठेन. मागच्या वेळी उठलेच की."

शेवटी तडजोड झाली. हॉलवाल्यांना घरात येऊ द्यायचं, नाहीतर रेडिंग. हेटीबाई कबूल झाल्या. येऊ देईन म्हणाल्या होत्या, टिकू देईन असं कुठं म्हणाल्या होत्या?

चौथ्या खेपेला कुणा स्वयंसेवकाऐवजी हॉलची व्यवस्था बघणारी लोरेन रिग्बी स्वतःच आली. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, कोटाच्या एका खिशात किल्ल्यांचा जुडगा आणि दुसऱ्यात अर्धवट खाल्लेलं सँडविच. हेटीबाईंनी कान पुढे करून "आँ?" म्हणायची तयारी केली.

"मी तुम्हाला मदत द्यायला आलेले नाही," लोरेन म्हणाली. "मागायला आलेय."

हेटीबाईंना एकदम स्वच्छ ऐकू यायला लागलं.

"गोदीजवळ एक म्हातारा आहे. आर्नल्ड बॅम्बर. मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकी होता. बायको गेल्यापासून घरात कुणाला घेत नाही. डब्यातलं सूप थंडच पितो म्हणे. मी माणसं पाठवली, त्यानं सगळी परतवली."

"कशी परतवली?" हेटीबाईंनी जिज्ञासेनं विचारलं.

"एकाला बोटीवरच्या जखमा दाखवल्या. सगळ्या." लोरेननं सुस्कारा सोडला. "त्याला तुमच्यासारखं खमकं कुणी हवं. दर मंगळवारी जायचं, चहा प्यायचा, तो नीट जेवतो का बघायचं. पण त्याला मदतीला आलोय असं चुकूनही म्हणायचं नाही. भारी मानी आहे. नुसतं भेटायला आले म्हणायचं."

हेटीबाईंनी आयुष्याची कितीतरी वर्षं गोदीवर मासे कापण्यात घालवली होती. बोटीवरच्या बाप्यांना सरळ करणं हे त्यांचं जुनं काम. त्यांनी हनुवटी वर केली. "बिल्ला मिळेल का?"

"मिळेल," लोरेन म्हणाली. "पण तिथं लावून जाऊ नका."

मंगळवारी हेटीबाई ट्राममधून उतरल्या तेव्हा पिशवीत बटाट्याच्या कापांखाली शिजवलेल्या मटणाचं भांडं होतं, कपड्यात गुंडाळून. दार उघडलं ते एका उंच, किंचित वाकलेल्या म्हाताऱ्यानं. दाढी ताजी केलेली, टाय लावलेला.

"या, या!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की हेटीबाई दचकल्या. "सावकाश! पायरी आहे! आधी उजवा पाय!"

बिचारा, हेटीबाईंना वाटलं. कानानं गेलाय. त्याही तितक्याच मोठ्यानं ओरडल्या, "दिसतेय मला पायरी!"

"शाब्बास!" तो म्हणाला.

आत टेबलावर स्वच्छ कापड होतं, आणि माशांवर बटाट्याचा थर देऊन भाजलेला, ओव्हनमधून नुकताच काढलेला वाफाळता फिशपाय. थंड सूप पिणारा माणूस! हेटीबाईंनी मनाशी ताडलं, की पाहुण्यांसाठी देखावा केलाय, एरवी उपाशीच राहत असणार. म्हणून त्यांनी त्याच्या ताटात मटण वाढलं. त्यानं त्यांच्या ताटात मासे वाढले. तो जेवतोय ना हे त्या बघत राहिल्या, आणि मान वर केली की तो त्यांच्याकडंच बघत असायचा.

"गोळ्या घेतल्या का?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी घेतो हो. तुम्ही घेतल्या का?"

"मला काय धाड भरलीय?"

"तेच म्हणतो मी," तो समजूत घातल्यासारखा हसला. "तुम्ही अगदी ठणठणीत आहात."

जेवणानंतर डॉमिनोचे, ठिपक्यांच्या ठोकळ्यांचे, डाव झाले. हेटीबाई मुद्दाम हरायच्या बेतात होत्या, म्हणजे त्याला बरं वाटेल. पण हा गडी इतका वाईट खेळत होता की त्याच्यापेक्षा वाईट खेळणं त्यांना जमेना. परतताना त्यांना फार गलबलून आलं. डोकंही गेलंय बिचाऱ्याचं.

पुढच्या मंगळवारी तो म्हणाला, "दर वेळी तुम्हीच का यायचं? मी येतो तुमच्याकडे. ट्रामपर्यंत चालायला मला बरं पडतं." मग एकाआड एक असं ठरलं. तो यायचा तेव्हा हेटीबाईंना काळजी लागायची, कारण म्हातारा वाकून चालायचा आणि त्यांच्या न्हाणीघराची पायरी उंच. त्यांनी हॉलला स्वतःहून फोन केला. "ती दांडी बसवून टाका. माझ्यासाठी नको, पाहुण्यासाठी." तोच माणूस पुन्हा आला, बिचकत बिचकत. "आल्फ...?" त्यानं वर बघत विचारलं. "आल्फची हरकत नाही," हेटीबाईंनी त्याला सांगितलं.

आर्नल्डच्या घरीही हळूहळू बदल होत होते. जिन्याला दुसरा कठडा आला. कोपऱ्यातला जुना गालिचा गेला, कारण त्यात पाय अडकायचा. "तुमच्यासाठी काढला," तो म्हणाला. हेटीबाईंनी मनात म्हटलं, म्हण बाबा, असंच म्हण. मानी माणूस.

एकदा डॉमिनो खेळता खेळता तो मध्येच थांबला. "माझी पेग गेल्यावर मी शेगडीच पेटवली नव्हती," तो म्हणाला. "बोटीवर वीस जणांचं करायचो, वादळातसुद्धा. पण एकट्यासाठी... भांडं उचलवेना."

हेटीबाईंनी हातातला ठोकळा खाली ठेवला. का कुणास ठाऊक, पण त्यांनीही त्याला ते सांगितलं जे जिलियनला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पायरीवर पडल्या तेव्हा ओरडल्या असत्या तर शेजारीण आली असती. पण ओरडल्या नाहीत. लाज वाटली.

"लाज कसली?"

"पडल्याची. म्हातारी झाल्याची."

"आणि मग?"

"मग थंडी लाजेपेक्षा वरचढ झाली आणि मी रांगत घरात आले."

तो हसला नाही, ते त्यांना आवडलं. मग त्यानं शांतपणे चुकीचा ठोकळा लावला, तेही आवडलं.

वसंतातल्या एका मंगळवारी त्यानं दारच उघडलं नाही. हेटीबाईंनी घंटी वाजवली, खिडकी वाजवली, पत्रपेटीच्या फटीतून हाक मारली. दाराशेजारी हॉलवाल्यांनी किल्लीची छोटी पेटी बसवलेली होती, तिचा आकडा लोरेननं त्यांना दिलेला. त्यांनी दार उघडलं.

"वर येऊ नका!" वरून आवाज आला.

"कुठं आहात?"

"येऊ नका म्हणतोय ना!"

हेटीबाई नव्या कठड्याला धरून वर गेल्या. न्हाणीघराचं दार उघडं होतं. आर्नल्ड बॅम्बर टबात बसलेला, गुडघे हनुवटीपाशी, पाणी केव्हाच गार झालेलं. पुढं स्पंज धरलेला.

"अडकलात?"

"छे! टब तपासतोय," तो दात वाजवत म्हणाला. "तुम्हाला कधी लागला तर सुरक्षित आहे का नाही ते."

"मग कसा आहे?"

"जरा खोल आहे."

हेटीबाईंनी आधी टबाचं बूच ओढलं, मग मोठा टॉवेल त्याच्या खांद्यांवर टाकला. "आता गुडघ्यांवर या. पायांवर नाही, गुडघ्यांवर. मी डोळे मिटलेत."

"मग तो हात कुठं चाललाय बघा!"

"मिटलेल्या डोळ्यांनी काय बघू?"

ओढाताण झाली, घसराघसरी झाली, टॉवेल एकदा हातचा गेला. पण मासळीच्या पेट्या उचललेले दंड होते हेटीबाईंचे. दहा मिनिटांत म्हातारा कोरडा होऊन शेगडीपुढं बसला, हातात गरम चहा. हेटीबाई समोर बसल्या. याला काही झालं असतं तर, या विचारानं त्या फार घाबरल्या होत्या. इतकं घाबरायला त्यांना कित्येक वर्षांत कुणी मिळालं नव्हतं.

"लोरेनला सांगू नका," तो म्हणाला.

"लोरेन? मी लोरेनला ओळखते हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"म्हणजे काय? तिनंच तर..." तो थांबला.

"तिनंच तर काय?"

आर्नल्ड उठला, खुंटीवरच्या कोटाच्या आतल्या बाजूला लावलेला बिल्ला काढून त्यानं टेबलावर ठेवला. हॉलचा बिल्ला. स्वयंसेवक.

हेटीबाईंनी पर्स उघडली आणि आपला बिल्ला त्याच्या शेजारी ठेवला.

आर्नल्डनं दोन्ही बिल्ले उलटून पालटून पाहिले.

"मला सांगितलं होतं, की एक बाई आहेत, भयंकर हट्टी, घरात कुणाला टिकू देत नाहीत, म्हणून तुमच्याकडेच चहाला पाठवते," आर्नल्ड म्हणाला. "बहिऱ्या आहेत आणि घरात भूत आहे असं म्हणतात."

"मला सांगितलं, एक म्हातारा आहे, थंड सूप पितो आणि जखमा दाखवतो."

"मी मुद्दाम हरत होतो हो डॉमिनोमध्ये!"

"मी पण!"

आधी त्यांना राग आला. मग आर्नल्डच्या खांद्यांना कसले तरी हिसके बसायला लागले आणि हेटीबाईंना वाटलं याला थंडी भरली. तो हसत होता. मग दोघंही इतकी हसली की चहा सांडला.

"पण त्या लोरेनला सोडायचं नाही," हेटीबाई डोळे पुसत म्हणाल्या.

शनिवारी हॉलमध्ये सगळ्यांचा चहा होता. केक, सँडविच, आणि खोलीभर म्हाताऱ्यांचा कलकलाट. हेटीबाईंनी लोरेनला कोपऱ्यात घेतलं. चेहरा गंभीर.

"अगं पोरी, आमच्या आर्नल्डचं डोकं पार फिरलंय. तो म्हणतो, तो माझा स्वयंसेवक आहे. *माझा!* डॉक्टरला बोलावू का?"

लोरेनच्या हातातली किटली हलली. "नको, नको. एवढ्यात नको. मी बघते."

ती वळली तर समोर आर्नल्ड. "लोरेन, फार वाईट वाटतंय सांगायला. हेटीबाईंना भ्रम झालाय. म्हणतात, त्याच मला सांभाळतात. त्यांच्या लेकीला रेडिंगला फोन करावा म्हणतो. नंबर दे."

"फोन नको!" लोरेन जवळजवळ किंचाळली. तिच्या गळ्यापासून कपाळापर्यंत लाली चढली. "मिस्टर बॅम्बर, त्याचं काय आहे... त्यांना भ्रम नाहीये. म्हणजे तुम्हालाही नाहीये. म्हणजे..."

तिनं पाहिलं, तर हेटीबाई केकच्या टेबलाला धरून उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड रुमालात होतं.

"तुम्हाला कळलंय!" लोरेन खुर्चीत कोसळली. "कधी?"

"तू किती खोटं बोललीस ते आधी सांग," हेटीबाई म्हणाल्या.

"एकच खोटं. दोनदा. दुसरा काही मार्ग उरला होता का? तुम्ही दोघांनी माझी निम्मी माणसं घाबरवून सोडली होती." ती आणखी लाल झाली. "रागावलात?"

"भयंकर," आर्नल्ड म्हणाला. "शिक्षा होणार."

"कसली?"

हेटीबाईंनी लोरेनच्या खिशातून अर्धवट सँडविच बाहेर काढलं, वास घेतला आणि ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "शेवटचं गरम जेवण कधी जेवलीस गं?"

लोरेन आठवायला लागली आणि आठवतच राहिली.

"बघ. कुणी सांभाळायला नाही पोरीला," हेटीबाई आर्नल्डला म्हणाल्या. "गुरुवारी सात वाजता, माझ्याकडे. नाही आलीस तर आम्ही दोघं बिल्ले लावून तुझ्या दारात येऊ."

त्या रविवारी जिलियनचा फोन आला, नेहमीसारखा. "आई, हॉलची माणसं येतात ना गं? टिकलं का कुणी?"

"एक टिकलाय."

"कसा आहे?"

"अगं, मी त्याची काळजी घेते," हेटीबाई म्हणाल्या. मग जिलियन म्हणाली, की ती पुढच्या महिन्यात चार दिवस येतेय, आणि या वेळी म्हाताऱ्यांच्या घरांची माहितीपत्रकं आणणार नाही.

गुरुवारी लोरेन आली. दोन ताटं जेवली, तिसऱ्यांदा बटाटे घेतले, आणि शूज काढून पाय खुर्चीवर घेतले. आर्नल्डनं डॉमिनो मांडले. आता कुणीच मुद्दाम हरत नव्हतं, त्यामुळे भांडणं फार व्हायला लागली होती.

"लोरेन," हेटीबाईंनी ठोकळे पिसता पिसता विचारलं, "सध्या सगळ्यात हट्टी कोण आहे तुझ्याकडे?"

लोरेननं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "शाळेच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. मिस पॉम्फ्रेट. परवा आमच्या माणसाला कोपऱ्यात उभं केलं त्यांनी."

आर्नल्डच्या डोळ्यांत चमक आली. "आणि तिच्यासारखाच दुसरा कोण?"

"आहेत एक," लोरेन हळूच म्हणाली. "पोस्टमन होते. कुत्रा सोडतात."

हेटीबाईंनी ठोकळे बाजूला सारले आणि खुर्ची पुढं ओढली.