चौथ्या मजल्यावरचा जपान

भामाबाईंनी जपानवर बोट ठेवलं, तेव्हा तो जपान आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मुलगा आनंदराज नांदेडात बँकेत नोकरीला. त्यानं सहल कंपनीचं रंगीत पुस्तक आईपुढं उघडलं होतं. कंबोडियातलं झाडांच्या मुळ्यांनी कवटाळलेलं देऊळ, श्रीलंकेतला दोन हजार वर्षांचा बोधिवृक्ष, जावा बेटावरचा पायऱ्यापायऱ्यांचा स्तूप. सगळं बघून बोट थांबलं ते नारा गावच्या बुद्धावर. लाकडी विहारात बसलेला आभाळाएवढा बुद्ध, आणि बाहेर माणसांपुढं मान लववणारी हरणं. "हितं जायाचं," बाई म्हणाल्या.

मग नात लुंबिनी, वय वर्षं नऊ, हिनं शाळेतला भूगोल पाजळला. "आज्जी, जपानात सारखे भूकंप होतात, म्हाईत हाय का?" झालं. बाईंचा घास हातातच राहिला.

निलंग्याकडच्या माणसापुढं हा शब्द असा सहज काढू नये. त्र्याण्णव सालच्या भूकंपात बाईंचं दगडमातीचं घर बसलं, ते सासूबाई नागाबाईंवर. आनंदराज तेव्हा आठ वर्षांचा, मामाकडं गेला होता म्हणून वाचला. तेव्हापासून बाई पत्र्याखाली झोपतात, स्लॅबखाली पाठ टेकत नाहीत. मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटात त्या सकाळी यायच्या आणि दुपारच्या एसटीनं पळ काढायच्या. तोक्योतल्या हॉटेलची खोली तर अठराव्या मजल्यावर! म्हणून सराव ठरला. एक अख्खा दिवस फ्लॅटात काढायचा, निभला तर त्याच संध्याकाळी जाणं पक्कं. आनंदराज कागदपत्रं घेऊन सहल कंपनीत गेला, सून बुद्धप्रिया ड्युटीवर. घरात आजी आणि नात.

दुपारपर्यंत बरं चाललं होतं. लुंबिनी ते पुस्तक उराशी धरून आतल्या खोलीत झोपली. बाई दाराजवळच बसल्या होत्या, जीव मुठीत धरून. आणि मांडणीतल्या ताटल्या वाजायला लागल्या. आधी हळू, मग खणखण. तळपायांखाली फरशी थरथरली.

पुढचं बाईंना आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा त्या रस्त्यावर अनवाणी उभ्या होत्या, छातीचा भाता झालेला.

"काय झालं, मावशी?" समोरच्या पानपट्टीवरच्या गुरुलिंगनं विचारलं.

"हाललं. जिमीन हालली!"

"न्हाई हो. बाजूच्या प्लॉटात बोअर मारून राहिलेत. ते बघा मशीन."

बाईंनी सुस्कारा सोडला. आणि तेवढ्यात त्यांना आपला उजवा हात आठवला. बाहेर पडताना दार ओढायचं आणि वरून कडी सारायची, कुत्रं आत शिरू नये म्हणून. उभी हयात खेड्यात गेलेला हात तो, डोक्याला विचारत बसत नाही. पोरगी आत होती आणि कडी बाहेरून होती.

 या हातानं हे पहिल्यांदा केलं नव्हतं. भूकंपाच्या पहाटे त्या परसाकडं निघाल्या, तेव्हाही कडी सारली होती. बांधापर्यंत पोचल्या असतील नसतील, जमीन गुरगुरली. नागाबाई सापडल्या त्या अंथरुणात नव्हे, दाराशी. कडीचं बाई आजवर कुणालाही बोलल्या नव्हत्या.

त्या जिन्याकडं धावल्या. बोअर आहे हे कानांनी ऐकलं होतं, पण अंगाला कोण सांगणार? कठडा थरथरत होता. प्रत्येक मजल्यावर वाटायचं, आता बसतंय, आता डोक्यावर येतंय. तिसऱ्या मजल्यावर त्यांना वरून आवाज आला.

"आज्जी! दार उघड ना गं!"

कडी घामेजल्या बोटांतून दोनदा निसटली. दार उघडलं तेव्हा लुंबिनी रडून लाल झाली होती. बाईंनी तिला असं आवळलं की पोरगी कळवळली.

संध्याकाळी आनंदराज हसतच आला. "काय माय, निभलं का? करायचं ना पक्कं?"

"आज्जीनं मला कोंडलं," लुंबिनी फुरंगटून म्हणाली. "भायेरून कडी लावून पळाली."

आनंदराज मोठ्यानं हसला. "आसू दे की, माय. भेलीस, घाईत लागली कडी. पोरगी तर सुखरूप हाय."

लहानपणापासून तो एकच गोष्ट विचारत आला होता. आजी दारापतूर आली, मग भायेर का न्हाई पडली? आणि दर वेळी बाई सांगायच्या, दगडानं दार अडकलं आसंल.

"आजचं न्हाई म्हनत मी, आनंदा," बाई म्हणाल्या. त्यानं काही विचारलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या. "तुझ्या आजीचं. दार अडकलं नव्हतं. कडी मी लावलती."

आनंदराजचं हसू तोंडावरच राहिलं. त्याच्याकडं बघायची बाईंना त्या हलत्या जिन्यापेक्षाही जास्त भीती वाटत होती, पण त्यांनी मान खाली घातली नाही.