टाकीतलं तेल

माझे सासरे मोटरसायकलला तेल पाजायचे. इंजिनात घालतात ते नव्हे. हे वरचं, पेट्रोलच्या टाकीत, दर वेळी मोजून एक झाकण. त्यांची जुनी स्कूटर तेल मिसळलेल्या पेट्रोलवर चालायची. स्कूटर भंगारात गेली, सवय राहिली. या गाडीला ते लागत नाही हे त्यांना कोण सांगणार? मी त्यांच्याच घरात खालच्या मजल्यावर राहत होतो. घरजावई हा शब्द कोणी उच्चारत नसे, एवढीच काय ती माझी इज्जत.

गाडी माझ्या बायकोला द्यायची असं ठरलं होतं. तिला शहराबाहेरच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं होतं आणि त्या वेळेला तिकडे बस नव्हती. नेमकी तेव्हाच गाडी आचके द्यायला लागली. चढावर दम टाकायची, सिग्नलला बंद पडायची. सासऱ्यांनी लगेच रोग शोधून काढला, तो म्हणजे मी. महिन्यापूर्वी मी एकदाच ती जोरात पळवली होती, त्यानेच बिघडली म्हणे. जिथे गाडीची कदर नाही तिथे गाडी द्यायची नाही, असं त्यांनी जाहीर केलं. नोकरी हुकली तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार, हे बायकोच्या नजरेवरून कळलं.

शनिवारी आम्ही तिघं मेकॅनिककडे गेलो. सासरे माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करायला आले होते. मेकॅनिकने इंजिनाचं डोकं उघडलं आणि पेट्रोल-हवा आत घेणारा व्हॉल्व्ह काढून हातात धरला. त्याच्यावर कार्बनचा एवढा जाड थर चढला होता, की करपलेल्या पातेल्याचं बूड बरं. त्याने खरवडलं तशी काळी खपली बाकावर पडली.

"पेट्रोलमध्ये तेल कोण घालतं?" त्याने विचारलं.

सासरे भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. ते गेल्या वर्षीचं होतं. त्यांचे कान लाल झाले होते. त्या घरातल्या बारा वर्षांत पहिल्यांदाच बाजी माझ्या हातात आली होती आणि खरं सांगतो, मला उकळ्या फुटत होत्या. पण लेकीसमोर तोंडघशी पडले असते तर ते गाडी घेऊन सरळ घरी गेले असते आणि पुन्हा कुणाला हात लावू दिला नसता. तेही मला पक्कं ठाऊक होतं.

"मी," मी म्हणालो.

मेकॅनिकने मला फैलावर घेतलं. सासऱ्यांनी त्यात भर घातली, आणि तीही अगदी मनापासून. मला राग आला, चांगलाच आला. मग ते लेकीकडे वळले. गाडी घरात ठेवण्यात अर्थ नाही, तूच ने, आणि किल्ली यांच्या हाती पडू देऊ नकोस, असं त्यांनी तिला बजावलं.

सोमवारी ती निघाली. गाडी एकदाही न अडखळता वळणापलीकडे गेली. आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. सासऱ्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "जावईबापू, किती घालत होतात?"

"दर टाकीला एक झाकण."

फाटकाची कडी लावायला त्यांना बराच वेळ लागला.

"जरा जास्तच होत होतं," ते म्हणाले.