गांडुळांना भरीत

सून सपनाने खत करायला चोपड्याहून गांडुळं आणली तेव्हा धुरपदाबाईंनी दोन दिवस नाक मुरडलं होतं. तिसऱ्या दिवशी गांडुळांच्या वाफ्यावर झाकलेलं पोतं उचलून बघितलं आणि जीव जडला तो जडलाच. चार महिन्यांत त्या खतापेक्षा गांडुळांचंच कौतुक जास्त करायला लागल्या. एकच गोष्ट त्यांना खुपायची. बिचारी दिवसभर राबतात आणि ताटात काय, तर शेण.

शनिवारी मळ्यात भरिताची पंगत झाली. भरिताच्या दिवशी राबणाऱ्याला तसंच ठेवायचं, हे धुरपदाबाईंच्या रक्तातच नव्हतं. उरलेलं परातभर भरीत त्यांनी उचललं आणि कुणी उपाशी राहू नये म्हणून साऱ्या वाफ्यावर सारखं पसरलं. वरून पाणीही शिंपडलं.

रविवारी सकाळी सपनाने पोतं उचललं. दहा वाजता पिंप्राळ्याचे रोपवाटिकावाले तोताराम दोन किलो गांडुळं न्यायला येणार होते. तिचं हे पहिलंच गिऱ्हाईक. वाफ्यात एक गांडूळ दिसेना. सपनाचा चेहरा उतरला.

कोंबड्यांवर ढकलावं, असं धुरपदाबाईंच्या मनात आलं. पण सुनेकडे बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. वर भीतीही वाटली, की आता ही आपल्याला वाफ्याजवळ उभं करणार नाही.

"मी भरीत टाकं त्यास्ले," त्या म्हणाल्या.

सपनाने वाफ्यातलं खत नाकाशी धरलं. "मिरचीनं?"

"मंग काय, बिनमिरचीनं भरीत ऱ्हास का?"

सपना हाताने वाफा उकरत राहिली. धुरपदाबाई विचार करू लागल्या. तोंड पोळलं की माणूस काय करतं? गारवा शोधतं. वाफ्याच्या कडेला लागूनच केळीच्या खांबांचे ओले तुकडे रचून ठेवले होते. त्यांनी पदर खोचला आणि वरचा तुकडा उलटवला.

खाली लालभडक गांडुळांचा गुंताच गुंता. एरवी खतातून एकेक वेचायला अर्धा दिवस जायचा. आज दोघींनी ओंजळीने टोपली भरली, तरी खाली कितीतरी उरली.

तोतारामांनी टोपलीत बोट फिरवलं. "इतकी स्वच्छ निवडली कशी हो, ताई?"

"आमच्या आत्यांनी काढली," सपना म्हणाली.

"निवडी कसानी, भाऊ," धुरपदाबाईंना राहवेना, "मी भरीत चारं त्यास्ले, ती गारवाकडे पयी गयात."

तोताराम पोट धरून हसले. जाताना पुढच्या महिन्याचीही मागणी सांगून गेले.

धुरपदाबाई गुपचूप घराकडे निघाल्या. मागून सपनाने हाक मारली आणि शेणाची पाटी त्यांच्या हातात दिली.

"आत्या, वाफा नवा भराना शे. खानं तुम्हीच टाका. फक्त भरीत व्हई तं आधी माले चाखाले द्या."

धुरपदाबाईंचे डोळे भरून आले. "तुले कमी तिखट करसू," त्या म्हणाल्या.