आठ डोकी आणि नऊशे पॉइंट

माणसाची खरी ओळख त्याच्या धनावरून होत नाही, विद्येवरून होत नाही की वाणीवरूनही होत नाही. ती होते त्याने काढलेल्या टाकीच्या मापावरून. आपल्याला किती लागेल याचा अंदाज ज्याला आधी घेता येतो, त्याचं आयुष्य कधी कोरडं पडत नाही. हे मत मी पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं नकाशे काढून बनवलेलं आहे. आमच्या घरावरची टाकी रोज सकाळी साडेआठला रिकामी होते. तिचंही माप मीच काढलं होतं.

तेव्हा सुट्टीच्या मेंबरशिपचे पॉइंट किती घ्यायचे हा प्रश्न घरात आला, तसा मी तो कुणाला हात लावू न देता स्वतःकडे घेतला.

योजना सोपी होती. म्हणजे, समजावून सांगणारा गळ्यात टाय बांधलेला गृहस्थ ती सोपी आहे असं दर दोन मिनिटांनी सांगत होता. एकदा मेंबर व्हायचं, की पंचवीस वर्षं दर वर्षी आपल्या नावावर ठरावीक पॉइंट जमा होणार. ते खर्चून कंपनीच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये आठवडाभर राहायचं. एका खोलीच्या स्टुडिओला शंभर पॉइंट, एका बेडरूमच्या घराला एकशे ऐंशी, दोन बेडरूमच्या घराला तीनशे. गर्दीच्या हंगामात सगळं दीडपट. किती पॉइंटांची मेंबरशिप घ्यायची ते आठ दिवसांत कळवायचं. नंतर पॉइंट वाढवता येतात, कमी करता येत नाहीत.

"वजनासारखंच की," माझ्या पोटाकडे बघत ही म्हणाली.

टायवाला हसला. मी हसलो नाही. मापाच्या कामात मी थट्टा खपवून घेत नाही.

पाण्याच्या कामात एक नियम आहे. टाकी रोजच्या गरजेवर बांधायची नसते, ती सगळ्यात जास्त गरजेच्या दिवसावर बांधायची असते. लग्नघरात पाहुणे उतरले आहेत, सगळे एकदम आंघोळीला निघाले आहेत, असा दिवस डोळ्यांसमोर आणायचा आणि वर वीस टक्के धरायचे. आमच्या घरातली जास्तीत जास्त गरज म्हणजे आठ डोकी: आम्ही दोघं, थोरला, सूनबाई, त्यांची दोन मुलं, धाकटी आणि जावईबापू. नातवंडांना सुट्टी गर्दीच्याच हंगामात. तीनशे अधिक एकशे ऐंशी, त्याची दीडपट सातशे वीस, त्यावर वीस टक्के. आठशे चौसष्ट. टायवाल्याने फोनवर हा आकडा ऐकला आणि क्षणभर त्याचा श्वास ऐकू येईनासा झाला. मग तो म्हणाला, "सर, सरळ नऊशेच करू या. आपल्यासारखा विचार करणारे मेंबर हल्ली मिळत नाहीत."

हे मला पटलं.

पण आठ डोकी खरोखर येणार का, हे लेखी हवं. म्हणून रविवारी सकाळी मी सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. समोर रेघा मारलेला तक्ता. फोन हिने धरला होता, कारण माझे दोन्ही हात तक्त्यात होते.

"वर्षातून एक आठवडा," मी म्हणालो. "येणार की नाही? हो की नाही, एवढंच सांगा."

"बघू ना बाबा," थोरला म्हणाला.

'बघू' असा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

"अरे, पंचवीस वर्षांचा प्रश्न आहे!"

"मग घाई कशाला करताय?"

"आम्ही येऊ," धाकटी म्हणाली. "पण पूर्ण आठवडा नाही हं. चार दिवस. की तीन? थांबा, ह्याला विचारते." ह्याने बाथरूममधून काहीतरी ओरडून सांगितलं. "तो म्हणतोय सोफ्यावर झोपणार नाही. मागच्या वेळी त्याची पाठ धरली होती."

"सोफ्यावर कुणीच झोपणार नाही. प्रत्येकाला पलंग आहे. दिवस सांग."

"दिवसांचं कसं आत्ता सांगू, बाबा? तुम्ही पण ना!"

तेवढ्यात दोन्ही नातवंडं एकाच पलंगावर हक्क सांगू लागली. तो पलंग अजून पंचवीस वर्षांच्या कुठल्या तरी टोकाला होता, पण त्यावरून इकडे एकाने दुसऱ्याचा चावा घेतला. माझं डोकं फिरायच्या बेतात होतं. मी पेन्सिल खाली ठेवली. तेव्हा सूनबाईने फोन हातात घेतला. घरात एक तरी माणूस सरळ बोलतं, याचं मला नेहमीच समाधान वाटत आलं आहे.

"बाबा, आई येणार आहेत ना? मग आमचं पक्कं समजा. बाहेरचं खाऊन मुलांची पोटं बिघडतात हो. आई असल्या की तो प्रश्नच नाही."

"हो, आई असेल तर काय!" थोरला एकदम जागा झाला. "मग तर येऊच."

"आई असली की मलापण सुट्टीसारखं वाटतं," धाकटी म्हणाली. "लिहा बाबा, आमचेही सात दिवस लिहा."

मी आठही डोक्यांपुढे 'पक्कं' असं लिहिलं. मुलांचा आईवर किती जीव आहे, हे बघून माझा ऊर भरून आला. मी कौतुकाने हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "हं."

या 'हं'विषयी सांगायला हवं. आमच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. हो म्हणजे काय आणि नाही म्हणजे काय ते मला पहिल्या वर्षी कळलं. 'हं' अजून कळलेलं नाही. त्यावर उलट बोलता येत नाही आणि त्याला धरून पुढेही जाता येत नाही.

त्या आठवड्यात मात्र हिला योजनेत रस वाटू लागला आहे असं माझ्या लक्षात आलं. कपड्यांच्या घड्या घालताना तिने विचारलं, "त्या मोठ्या घरात किचन असतं का हो?"

"म्हणजे काय! पूर्ण किचन. चार शेगड्या, ओव्हन, फ्रिज, मिक्सर."

"आणि त्या मधल्या घरात?"

"त्यातही आहे. दोन शेगड्या."

"म्हणजे नऊशे पॉइंटांत सहा शेगड्या."

"सहा!" मी अभिमानाने म्हणालो.

"आणि लहान खोलीत? ती शंभरवाली?"

"तिच्यात काही नाही गं. पलंग, कपाट, गॅलरी. जेवायला खाली जायचं. ती आपल्यासाठी नाही."

"हं."

दुसऱ्या दिवशी दळण आणून ठेवता ठेवता तिने विचारलं, "पंचवीस वर्षांनी माझं वय किती होईल हो?"

"ब्याण्णव."

"तेव्हाही आठच डोकी धरायची?"

"छे! तोवर नातवंडांची लग्नं होतील. म्हणून तर वीस टक्के वर धरलेत." माझी ही दूरदृष्टी पाहून ती नुसती पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवत राहिली. ते आधीच बसलेलं होतं.

आठव्या दिवशी आम्ही सही करायला कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथे त्यांनी दोन बेडरूमचं एक नमुन्याचं घरच उभारलेलं आहे. खिडकीबाहेर समुद्राचं मोठं चित्र, टेबलावर प्लॅस्टिकची फळं, पलंगांवर कुणीही कधीच न वापरलेल्या उशा. टायवाला आम्हाला गॅलरीत नेऊ बघत होता, पण ही तडक किचनमध्ये शिरली. कपाटं उघडली. खण ओढून बघितले. ताटल्या मोजल्या: आठ. वाट्या: आठ. झारा, चिमटा, सोलाणं, सगळं जागच्या जागी. मग ओट्यासमोर उभी राहून तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे एक छोटी खिडकी होती आणि तिच्याबाहेर समुद्राच्या चित्राचा जेमतेम वीतभर तुकडा दिसत होता.

"कसं वाटलं, मॅडम?" टायवाला हात चोळत म्हणाला. "अगदी घरच्यासारखं! आपण घर सोडून आलोय असं वाटणारच नाही."

"तेच म्हणते मी," ही म्हणाली.

आम्ही टेबलाशी बसलो. टायवाल्याने फॉर्म काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि नवाचा आकडा लिहायला तो वाकणार, एवढ्यात ही म्हणाली, "शंभर लिहा."

टायवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी हिच्याकडे पाहिलं. हिने पेनाकडे पाहिलं.

"अगं, शंभरात आठ माणसं कशी मावतील?"

"शंभरात दोन मावतात. ओटा मावत नाही."

"पण आठ जणांचं पक्कं झालंय! तक्ता आहे माझ्याकडे!" मी तक्ता बाहेर काढला. चार घड्यांचा होता, उलगडायला वेळ लागला. तेवढ्यात ती बोलली, आणि आवाजही न चढवता बोलली, त्यामुळे मला मध्ये तोंड घालायला जागाच राहिली नाही.

"मुलं लहान होती तेव्हापासून आपण तेरा वेळा सुट्टीला गेलो. तेरा वेळा. मला विचाराल तर मी तेरा ओटे सांगेन. एकाचा नळ गळायचा, एकाला मुंग्या होत्या, एकाची शेगडी नुसती फुरफुरायची. डोंगरावर गेलो तेव्हा तुम्ही सगळे सूर्योदय बघायला गेलात, मी डबे भरले. समुद्रावर गेलो तेव्हा समुद्र मी भांडी घासताना बघितला. चांगला होता. आता तुम्ही आणखी पंचवीस ओटे विकत घेताय, आणि तेही वीस टक्के जास्त."

"अगं, भांडी धुवायचं मशीन आहे तिथे..."

"मशीन भरतं कोण?"

टायवाल्याने हळूच पेनाचं टोपण लावलं.

"तुम्ही एवढी टाक्यांची मापं काढलीत," ही म्हणाली, "त्यात पाणी कोण चढवणार, हे कधी विचारलंत का?"

बत्तीस वर्षांत माझ्या नकाशांवर पुष्कळ आक्षेप आले. साहेबांचे आले, ठेकेदारांचे आले, एकदा तर एका आमदाराचा आला. पण हा कुणी घेतला नव्हता. मी मागणी मोजली होती, साठा मोजला होता, नातवंडांची न जन्मलेली मुलंही मोजली होती. पंप एकच होता, सदुसष्ट वर्षांचा, आणि तो मी मोजलाच नव्हता. उलट आठ डोक्यांत धरला होता.

हे माझ्या मनात आलं, पण तोंडावाटे मात्र भलतंच बाहेर पडलं. "आता मुलांना काय सांगू? त्यांचा हिरमोड होईल."

"विचारा की."

मी उठून नमुन्याच्या बेडरूममध्ये गेलो, न वापरलेल्या उशीशेजारी बसलो आणि थोरल्याला फोन लावला. म्हटलं, आम्ही लहान खोली घेतोय. तुम्ही तिथेच वेगळं घर घ्या, सगळे एकत्रच असू, फक्त आई स्वयंपाक करणार नाही.

"मग जेवणाचं काय?" थोरला म्हणाला.

रविवारी ज्याच्या तोंडून मी एक ठाम वाक्य काढायला धडपडत होतो, त्याने ते दीड सेकंदात दिलं. 'बघू' नाही, 'विचारून सांगतो' नाही. मी म्हणालो, "बघू," आणि फोन ठेवला. मग धाकटीला लावला. धाकटीने विचारलं, आईची तब्येत बरी नाही का. बरी आहे म्हटल्यावर तिने विचारलं, मग असं का. मी फोन ठेवला. सूनबाईला लावलाच नाही. ती सरळ बोलते.

आठ डोकी म्हणून मी जी लिहिली होती, ती तोंडं होती. आणि पहिलं माझं होतं.

मी बाहेर येऊन तक्ता फाडला. चार घड्यांचा असल्यामुळे तो नीट फाटेना, तेव्हा दोन तुकड्यांवर भागवलं. मग छाती पुढे काढून म्हणालो, "लिहा शंभर! बिनगर्दीच्या हंगामातला आठवडा. आम्ही दोघं. सात दिवस हिचा कुठल्याही ओट्याशी, शेगडीशी, झाऱ्याशी काडीचाही संबंध राहणार नाही. जन्मात पहिल्यांदा ही समुद्र उभ्याने नाही, बसून बघेल!"

हिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे पाणावलेत की काय असं मला वाटलं, निदान मी तसं धरून चाललो. सात दिवस एक बाई हातात काही न धरता बसणार, आणि ते मी घडवून आणलं, या विचाराने मी स्वतःवरच खूश होतो.

नऊशेवरून शंभरावर आलेला टायवाला मात्र पार खचला होता. त्याने शून्यं काढली, सह्या घेतल्या, दोन कागद एकमेकांना टाचले. पण जातिवंत विक्रेता होता. काही तरी गोड बोलल्याशिवाय गिऱ्हाईक दारापर्यंत जाऊ द्यायचं नाही, हे त्याच्या रक्तातच होतं.

"आणि सर, स्टुडिओत किचन नसलं तरी आपली गैरसोय होणार नाही हं," तो म्हणाला. "विजेची किटली आहे, कप आहेत, साखर आहे, दुधाची पावडर आहे. पहाटे म्हणा, दुपारी म्हणा, आपल्याला चहाची लहर आली, की मॅडमना जागच्या जागी..."

माझा चेहरा उजळला. मला तो उजळलेला दिसला नाही, पण हिला दिसला असावा.

"अहो भाऊ," ही टायवाल्याला म्हणाली, "ती किटली तेवढी काढून ठेवायला सांगाल का?"